स्टिकर होता, डिस्क नव्हती

१९४३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने अमेरिकी सरकारशी करार केला. न्यू मेक्सिकोच्या डोंगरात एक प्रयोगशाळा चालवायची, पगार वाटायचे, माल खरेदी करायचा. तिथे नेमकं काय बनतंय, हे हिशेब पाहणाऱ्या रॉबर्ट अंडरहिल यांना सुरुवातीला कुणी सांगितलंच नाही. राखणदारालाच गुपित ठाऊक नसणं यापेक्षा कडक बंदोबस्त तो कोणता? ‘ओपनहायमर’ चित्रपट पाहिलेल्यांना ती जागा माहीत आहे : लॉस अ‍ॅलामोस. तिचा टपालाचा पत्ता होता सांता फेमधली १६६३ क्रमांकाची पेटी. तिथे जन्मलेल्या बाळांच्या जन्मदाखल्यावरही हीच पेटी.

विद्यापीठाचा जन्म ज्ञान वाटण्यासाठी आणि सरकारी गुपिताचा ते दाबून ठेवण्यासाठी. दोघांना एका छपराखाली नांदवण्याचं काम सुरक्षा अधिकाऱ्याकडे. तो बिचारा काय करणार? कुलपं लावतो, कुंपण घालतो, नोंदवही ठेवतो.

कुंपणाची गोष्ट तिथे काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनीच सांगून ठेवली आहे. तारेला भोक पडलेलं त्यांना दिसलं. मग ते फाटकातून बाहेर जायचे, भोकातून आत यायचे, पुन्हा फाटकातून बाहेर. हा माणूस आत न येता सारखा बाहेर कसा पडतो, हे कोडं पडलेल्या सार्जंटच्या मनात आलं, याला आधी कोठडीत टाकावं. भोक नंतर.

कुलपांचं तर विचारूच नका. तिथलेच सहकारी फ्रेडरिक द हॉफमन यांच्या नऊ कपाटांत अणुबॉम्बचे सगळे कागद होते आणि नऊही कपाटांचा आकडा एकच : २७-१८-२८. म्हणजे २.७१८२८, गणितातला ‘ई’. हा आकडा पाठ नसलेला भौतिकशास्त्रज्ञ त्या डोंगरावर सापडणं कठीण! फाइनमननी कपाटं उघडली आणि आत चिठ्ठ्या ठेवल्या. याच बॉम्ब प्रकल्पाच्या ओक रिज केंद्रातल्या एका कर्नलला त्यांनी आधीच प्रेमाने समजावलं होतं, की तिजोरी उघडी राहिली की तिचा आकडा निम्मा तरी हाती लागतो, तेव्हा लोकांना ती बंद ठेवायला सांगा. कर्नलने तातडीने परिपत्रक काढलं. त्यातला मजकूर असा, की फाइनमन तुमच्या खोलीत आले वा खोलीजवळून गेले असतील तर कुलपाचा आकडा बदला. तिजोऱ्या उघड्याच राहिल्या.

आणि खरा गळतीवाला? क्लाउस फुक्स. ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पथकातून आलेला, शांत, कामसू, गळ्यात रीतसर बिल्ला. १९४५च्या जूनमध्ये तो आपल्या गाडीतून सांता फेला गेला आणि बॉम्बची माहिती सोव्हिएत दूताच्या हातात ठेवून परत आला. पत्नी शेवटच्या घटका मोजत असताना फाइनमननी आल्बकर्की गाठण्यासाठी गाडी मागून घेतली, ती याच फुक्सची, त्याच महिन्यात. १९५० साली फुक्स पकडला गेला. त्याला एकही कुलूप फोडावं लागलं नव्हतं.

अर्थात प्राध्यापक मंडळी काही कमी नाहीत. टेनेसी विद्यापीठाचे सत्तरीतले प्लाझ्मातज्ज्ञ रीस रॉथ हवाई दलाच्या मानवरहित विमानांसाठी संशोधन करत होते आणि त्या कामात एक चिनी, एक इराणी विद्यार्थी घेऊन बसले होते. माहितीवर ‘गोपनीय’ शिक्का नव्हता, पण शस्त्रनिर्यातीचा कायदा लागू होता. त्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्याला शेजारच्या खुर्चीवर बसवून ती दाखवणं हीसुद्धा निर्यातच. विद्यापीठाच्या अधिकाऱ्याने बजावलं होतं. पण विद्यार्थ्याला शिकवू नका, असं सांगणाऱ्याचं कोणता प्राध्यापक ऐकतो? २००८ मध्ये दोषी ठरले, पुढच्या वर्षी चार वर्षांची शिक्षा झाली. मला या गृहस्थांची दया येते आणि रागही येतो.

पुन्हा लॉस अ‍ॅलामोसकडे. २००० साली अण्वस्त्रांची माहिती असलेल्या दोन हार्ड डिस्क गायब झाल्या. देश हादरला. त्या सापडल्या झेरॉक्स यंत्रामागे, आधी शोधून झालेल्याच जागी. २००४च्या जुलैत आणखी दोन डिस्क मोजणीत भरेनात. त्याच सुमारास लेसरने एका विद्यार्थिनीच्या डोळ्याला इजा झालेली. संचालक पीट नॅनोस, मूळचे नौदलातले, त्यांनी आख्ख्या प्रयोगशाळेचं काम थांबवलं आणि शास्त्रज्ञांना ‘काउबॉय’ म्हणून झाडलं. काही विभाग महिनोन्‌महिने ठप्प. जानेवारी २००५ मध्ये ऊर्जा खात्याने निष्कर्ष काढला, की त्या डिस्क कधी नव्हत्याच! बारकोडचे स्टिकर छापले, नोंदवहीत चढवले, डिस्क मात्र तयार केल्या नाहीत. बाजारात तुरी, आणि भट भटणीला मारी. तरी प्रयोगशाळा तेव्हाही चालवणाऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या व्यवस्थापन शुल्कातून सुमारे दोन-तृतीयांश रक्कम कापली गेली. नसलेल्या वस्तूचा हिशेब नीट ठेवला नाही म्हणून.

प्राध्यापकांना हे जमणार नाही, असं ठरलं. २००६च्या जूनपासून बेक्टेल आणि इतर कंपन्यांना विद्यापीठाच्या जोडीला बसवलं, कॉर्पोरेट शिस्त आली. ऑक्टोबरात गावच्या पोलिसांनी अमली पदार्थांच्या तपासात एका ट्रेलर घरावर छापा घातला, तर तिथे प्रयोगशाळेतले गोपनीय कागद आणि पेन ड्राइव्ह. जुने कागद स्कॅन करायला नेमलेल्या ठेकेदाराच्या कर्मचारी बाईंनी ते घरी नेले होते. या वेळी वस्तू खरोखर होत्या. त्या बाहेर गेल्याचं प्रयोगशाळेला कळलं ते पोलिसांकडून.