जमीन तुमची, डुक्कर सरकारचं

इलिनॉयला राहणारे आमचे चुलतदादा तंजावुरात जमीन घेणार आहेत. शिकारीसाठी. इलिनॉयात 40 एकरांचा मालक असलं की हरणाचा परवाना जमीनमालक म्हणून मिळतो. कॅन्ससमध्ये त्यासाठी 80 एकर लागतात, आणि दादांकडे गाडी उभी करण्यापुरतीच जागा आहे. तेव्हा त्यांना पूर्वज आठवले. व्यंकोजीराजांच्या मागोमाग आपण इथे आलो, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला, म्हणजे इथल्या हरणांवर आपला हक्क पोचतो, असं त्यांचं म्हणणं.

महाराष्ट्रात का नको? तर तिथे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, 1948चा कूळकायदा. तमिळनाडूत ती अट नाही, कुणीही घ्यावी. मात्र अमेरिकन पासपोर्टवाला या ‘कुणीही’त बसत नाही, हे दादांनी वाचलं नव्हतं. परकीय चलनाचा कायदा त्यांना शेतजमीन विकत घेऊ देत नाही. वारशाने आली तर हरकत नाही. म्हणजे शिकारीआधी एक जीव जायला हवा, आणि तिथे हरीण चालत नाही. कुंभकोणमच्या आत्याबाईंच्या तब्येतीची दादांनी त्याच आठवड्यात दोनदा चौकशी केली. आत्याबाई ठणठणीत आहेत. डिग्री कॉफी दिवसातून तीनदा घेतात.

आणि वारसा मिळून मिळणार किती? तमिळनाडूच्या कमाल जमीनधारणा कायद्यात पाच जणांच्या कुटुंबाची मर्यादा 15 प्रमाण एकर. कॅन्ससचं हरीण एवढ्यात ओळखसुद्धा दाखवणार नाही.

परवान्यांची हौस आपणही केलेली आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यात मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा, खास शिकारीचा आणि सापळ्याचा असे वेगवेगळे परवाने होते, खानावळीच्या पाटीसारखे. 1991च्या दुरुस्तीने ती पाटी उतरवली. कलम 39 मात्र जागेवर आहे: शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. थोडक्यात, रानडुक्कर जिवंतपणी भात आत्याबाईंचा खातं आणि मेल्यावर सरकारचं होतं.

बंदूक मिळू शकते. 1959च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. आत्याबाईंच्या यजमानांकडे तशी एक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. डुकरांना आचारसंहिता नसल्याने ती मोकळीच असायची. बंदुकीचं तोंड डुकरांपेक्षा ठाण्याच्या हवालदारानेच जास्त पाहिलं.

जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडू सरकारने रानडुकरांसाठी पट्टे आखून दिले. राखीव जंगलापासून एक किलोमीटरच्या आत सापडलं, तर मारायचं नाही. एक ते तीन किलोमीटरमध्ये पकडून जंगलात सोडायचं. तीनच्या पुढे गेलं, तर गोळी. पण ती वनखात्याच्या प्रशिक्षित माणसाने घालायची, मालकाने बांधावरून बघायचं. हे मी वाचून दाखवलं, तेव्हा आत्याबाईंनी एकच विचारलं: “तो माणूस येईपर्यंत डुकराला बसवायचं कुठे?” मोराचं तर नावच काढू नका. 1963पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे. तो उडीद टिपत असताना त्याच्यावर चिडायचं, तरी उठून उभं राहून चिडावं.

मग या जिल्ह्यात मालकाने हक्काने मारावं असं काही उरतं का? उरतं. उंदीर. त्यासाठी इथे ‘तंजावूर किट्टी’ आहे: बांबूचं धनुष्य, ताणलेली दोरी, आमिष, भातखाचरात संध्याकाळी लावायची, सकाळी उचलायची. जगभरच्या शिकाऱ्यांना हेवा वाटावा असं हे हत्यार कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातही आहे. उंदराची कायद्यातली जागाही बघण्यासारखी. 2022च्या दुरुस्तीपर्यंत तो पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ म्हणून नावानिशी होता. दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली आणि त्याचं नाव कुठेच राहिलं नाही. ना परवाना, ना एकरांची अट, ना वनखात्याचा माणूस.

हे सगळं दादांना सविस्तर कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं: डोकं भुसा भरून भिंतीवर लावता येईल का?

येईल, दादा. खिळा तेवढा बारीक घ्या.