अंदाजपत्रकात नसलेला मुरूम

रस्त्यांच्या खात्यात 31 वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी मुरूम मोजण्यात गेली. किती ब्रास आला, किती पसरला आणि किती ठेकेदाराने नुसता कागदावरच पसरला. मूठभर मुरूम हातात चुरडला की त्यात माती किती आणि दगड किती हे मी डोळे मिटून सांगतो. साइटवर ट्रक आला की आधी रिपोर्ट मागतो. प्लॅस्टिसिटी इंडेक्स सहाच्या वर असला तर भरला ट्रक तसाच माघारी. या बाबतीत माझा लौकिक वाईट आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

असा मी, आणि मिशीच्या डाव्या उताराला, बरोबर नाकपुडीखाली, मुरूम आला.

वय 56. हे मुरूम यायचं वय नव्हे, एवढं मलाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर मी थोडा सुखावलो. शुद्ध मराठीत याला तारुण्यपीटिका म्हणतात. तारुण्याशी नातं सांगणारी एवढी एकच गोष्ट अंगावर उगवलेली, ती घालवायची घाई कशाला? घाई होती ती इतरांना. आठ दिवसांवर भाचीचं लग्न आलं होतं आणि मामा म्हणून तिला बोहल्यावर मी नेणार होतो. म्हणजे प्रत्येक फोटोत नवरीच्या खांद्यावरून माझं तोंड डोकावणार.

“नाकाखाली केवढं ते!” बायको म्हणाली. “अहो, रात्रीची मिसळ बंद करा म्हणून कधीची सांगतेय.” आईने सहाण काढून दुधात जायफळ उगाळलं. शेजारच्या काकांनी टूथपेस्ट लावायला सांगितली. पांढरीच हवी, जेल चालत नाही, हेही बजावलं. मी कुणाचंच मन मोडत नाही. खाली जायफळाचा थर, तो वाळला की वर टूथपेस्टचा. खडीकरण झालं, सीलकोटही झाला. फक्त रोलर फिरवायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी साइटवर मुकादमाने माझ्याकडे निरखून पाहिलं.

“सायेब, ती केसतोड हाय. नख लावू नगा.”

“तुम्ही रोलरकडे बघा,” मी म्हणालो.

सबंध गोष्टीत फुकट मिळालेलं आणि बिनचूक निदान हे एवढंच. दहावी नापास माणसाने केलेलं, म्हणून ग्रेड वन अभियंत्याने धुडकावलेलं.

येताना मेडिकलमध्ये डोकावलो. काउंटरवरच्या मुलाने माझ्या ओठाकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या फळीवरून एक ट्यूब ओढून ठेवली. “बिनधास्त लावा साहेब. लग्नसराईत नवऱ्यामुलीसुद्धा हेच नेतात.” रिपोर्टशिवाय मुरमाचा ट्रक उतरवून न घेणाऱ्या मी ती ट्यूब बारीक अक्षरं न वाचता खिशात टाकली. त्यात बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं आणि वर स्टेरॉइड होतं, हे पुढे कळलं. अशी मलमं चेहऱ्यावर लावली की दोन-चार दिवस लाली उतरते आणि माणूस खूश होतो. मग कातडी पातळ होते, तांबारते, नवे मुरूम उठतात, आणि आत जंतू असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम सरकारने 2018 सालीच केला आहे. नियम आहे आणि ट्यूबही आहे. रस्त्यावर ‘काम चालू’ची पाटी असते आणि गाड्याही चालू असतात, तसं.

तिसऱ्या रात्री मात्र धीर सुटला. टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढं पिवळं दिसायला लागलं होतं. घर झोपलं होतं. मी शिवणाच्या डब्यातली सुई काढली, गॅसवर तापवली (एवढी शास्त्रीय दृष्टी माझ्यात आहे) आणि बाथरूमच्या आरशापुढे उभा राहिलो. दोन नखं, एक सुई, चाळीस वॅटचा बल्ब. दाबलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेर आलं ते थेंबभर पू आणि रक्त. मूळ होतं तिथेच होतं, उलट चिडलं होतं. तरी ‘काम पूर्ण’ असा शेरा मनाशी मारून मी झोपलो.

सकाळी माझा वरचा ओठ माझ्याआधी खोलीत शिरत होता. गालावर तांबडा पट्टा, हात लावला तर तव्यासारखा गरम. डावी पापणी अर्धी मिटलेली. ताप 101. आईने दृष्ट काढायला मीठ-मिरच्या हातात घेतल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त आहे, असं तिचं म्हणणं. मला तेव्हा कसलाच वास येत नव्हता.

एवढ्यात भाची आली, मानपानाच्या साड्या दाखवायला. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“मामा, चप्पल घाला.”

“अगं, मुरूम आहे. बसेल.”

“मुरूम मला माहीत आहेत. हा मुरूम नाही.”

यावर मला बोलायला तोंड नव्हतं, दोन्ही अर्थांनी. कॉलेजात असताना तिच्या गालांवर कातडीखाली गाठी यायच्या, दुखायच्या, जाताना खड्डे ठेवून जायच्या. आम्ही सगळे एकच वाक्य म्हणायचो: “लग्न झालं की जातात.” पाळी दोन-दोन महिने पुढे जायची, हनुवटीवर राठ केस यायला लागले होते, पण ते मुरमाशी जोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटी पहिल्या पगारातून ती स्वतःच त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. दुखणं होतं हार्मोनचं. औषध वर्षभर चाललं, गाठी थांबल्या. खड्डे डाव्या गालावर अजून आहेत. पहिल्या वर्षीच गेली असती तर राहिले नसते, असं डॉक्टर म्हणाले होते. ती हे कधी बोलून दाखवत नाही. आता मला मोटारसायकलवर मागे बसवून त्याच दवाखान्यात घेऊन निघाली होती.

डॉक्टरांनी मलम, जायफळ, टूथपेस्ट, सुई असा इतिहास ऐकून घेतला. चेहरा अजिबात हलला नाही, रोजचंच असावं. मग टॉर्च मारून विचारलं, “एकाचे दोन दिसतात? डोळा फिरवताना दुखतं? डोकं ठणकतंय?” तिन्हीला मी नाही म्हणालो. “एकालाही हो म्हणाला असतात तर इथे बसवून घेतलं नसतं, थेट मोठ्या हॉस्पिटलात धाडलं असतं.”

मग पॅडवर त्यांनी एक त्रिकोण काढला. वरचं टोक दोन भुवयांच्या मध्ये, खालची दोन ओठांच्या कोपऱ्यांशी. या भागातल्या शिरा डोळ्यामागून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या जाळ्याला जोडलेल्या असतात, त्यामुळे इथला पू कधीकधी नको त्या दिशेने चालू लागतो. क्वचितच, पण चालतो. “तुम्हाला समजेल असं सांगतो,” ते म्हणाले. “हा घाटरस्ता आहे. इथे खोदकाम करायचं नाही.”

नंतर घरी पडून असताना फोनवर वाचलं, की स्क्रियाबिन नावाचा मोठा रशियन संगीतकार एप्रिल 1915 मध्ये मॉस्कोत वरच्या ओठावरच्या अशाच फोडाने गेला. वय 43. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. पेनिसिलिनचा शोध 1928 सालचा. काट्याचा नायटा आपण सहज म्हणून जातो. मी फोन उलटा ठेवला आणि गोळीची वेळ झाली का ते पाहिलं.

पण डॉक्टरांनी खरा बॉम्ब चिठ्ठीच्या तळाशी ठेवला होता. “या वयात केसतोड. यापूर्वी कधी?” दिवाळीत काखेत झाली होती, गणपतीत मांडीला. “मग साखर बघू.” बोटाला सुई टोचली (ही मात्र पाकीटबंद) आणि आकडा आला 286. तीन महिन्यांची सरासरी दुसऱ्या दिवशी आली, 8.4. म्हणजे वर्षभर मी मधुमेह घेऊन हिंडत होतो आणि त्याला तारुण्य समजत होतो.

दोन दिवस इंजेक्शनं, मग गोळ्या, कोमट पाण्याचा शेक आणि हात लावायला सक्त मनाई. पिकून तोंड धरल्यावर डॉक्टरांनीच बारीक चीर देऊन निचरा केला. बिल पाहून मला जायफळाची किंमत कळली. निघताना भाचीने विचारलं, “साधा मुरूम असता तर?” तर एवढं मनावर घ्यायचं कारण नव्हतं, ते म्हणाले, तोंड सौम्य साबणाने धुवायचं, साधं औषध दोन-तीन महिने नेमाने लावून बघायचं. त्याने हटलं नाही, गाठी दुखायला लागल्या, डाग धरायला लागले, की यायचं. “आणि ताप आला, लाली पसरली, डोळा सुजला, तर तासाभरात. लग्न असलं तरी.”

लग्न झालं. ओठ बराचसा जागेवर आला होता. उरलेली सूज फोटोग्राफरने “मामा, जरा उजवीकडे बघा” म्हणून झाकली. पंगतीत जिलेबीचं ताट तीनदा समोरून गेलं. बायकोने तिन्ही वेळा नुसत्या नजरेने ते पुढे ढकललं. पलीकडच्या रांगेत मेडिकलवाला जेवत होता. त्याने लांबूनच अंगठा उंचावून ‘लागू पडलं ना?’ अशी खूण केली.

शेजारी आई माझ्या मावशीला सांगत होती, “काही म्हण, तीन दिवस जायफळ लावलं मी. थोडा वेळ लागतो, पण मुळापासून उतरतं बघ.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी वरणभात कालवत मान हलवली.