श्री. तरुण श्रोता, मु. पो. सापडत नाही, जि. बीड

चि. तरुण श्रोता यास,

पत्रास कारण की, तू रेडिओ ऐकत नाहीस अशी तक्रार कानावर आली आहे. तक्रार साधी नाही. दिल्लीपासून लंडनपर्यंत, जिथे जिथे म्हणून लोकांच्या पैशावर रेडिओ चालतो, तिथली वडीलधारी मंडळी तुझ्या नावाने हवालदिल झाली आहेत. तुला ओढून कसं आणायचं आणि आणल्यावर धरून कसं ठेवायचं, यावर परिसंवाद झडतात, अहवाल निघतात, चहा-बिस्किटांची बिलं निघतात. त्या बैठकांना तुला बोलावत नाहीत, हे बरंच आहे. तू समोर असलास की तुझ्याविषयी मोकळेपणाने बोलता येत नाही.

मी त्या खात्यातला नाही. बीडचा साधा श्रोता आहे, वय विचारू नकोस. पण एवढी मोठी माणसं तुझ्या काळजीने झुरत असताना तू आपला मान खाली घालून अंगठा वर-खाली करत बसलेला दिसलास की जीव तुटतो. म्हणून चार शब्द.

तुला कमी काय केलं ते आधी सांग. 102.9 वर आकाशवाणीचं बीड केंद्र आहे. बीड शहराला रेल्वे दिसायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला. रेडिओ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. म्हणजे गावाबाहेर पडायची सोय नव्हती तेव्हाही गावात बसून ऐकायची सोय सरकारने करून ठेवली होती. आता एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि आपल्या जिल्ह्यात मधेच बालाघाटाचे डोंगर उभे, तेव्हा घाटात आवाज खरखरला तर तो दोष बालाघाटाचा धर.

तुझा दुसरा गुन्हा वायरचा. मोबाईलमधल्या एफएमला कानात घालायच्या वायरचीच एरियल लागते. तू वायर फेकून दिलीस आणि कानात ते पांढरे दाणे खोचलेस. कंपन्यांनीही मग बऱ्याच फोनमधला रेडिओ काढून टाकला नाहीतर झाकून ठेवला. शेवटी एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला कंपन्यांना कळवावं लागलं की, फोनमध्ये एफएम असेल तर तो बंद ठेवू नका आणि नसेल तर द्या. बघ, तुझ्या खिशात रेडिओ असावा म्हणून भारत सरकार पत्र लिहितं. त्या रेडिओवर तुझ्यासाठी काय लागावं याबद्दल असं पत्र कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही. ते काम मग माझ्यासारख्या रिकामटेकड्यावर आलं.

पळून जाणं तुमच्या घराण्यातच आहे म्हणा. 1952 साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त. सिनेमाची गाणी त्यांना सोसवेनात. त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला असा चाप लावला की देशाची अभिरुची सुधारलीच पाहिजे. सुधारली ती रेडिओ सिलोनची परिस्थिती. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि तुझ्या आजोबांची पिढी बुधवार रात्रीचे सगळे उद्योग सोडून समुद्रापलीकडे कान लावून बसू लागली. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढली, तेव्हा कुठे त्यातले बरेचसे घरी परतले.

लंडनचे साहेबही काही वेगळे नव्हते. बीबीसी पोरांना हवी ती गाणी पुरेशी वाजवेना, म्हणून 1964 पासून काही उद्योगी लोकांनी समुद्रात जहाजं उभी केली आणि जहाजावरून रेडिओ चालवला. पोरं तिकडे गेली. सरकारने 1967 मध्ये कायदा करून जहाजांचा बंदोबस्त केला आणि पुढच्याच महिन्यात, 30 सप्टेंबरला, बीबीसीने रेडिओ वन सुरू केला. त्यावर पहिला आवाज कुणाचा? त्याच जहाजांवरून आलेल्या टोनी ब्लॅकबर्नचा. चोर पकडले आणि कामावर ठेवले. इतका व्यवहारी निर्णय लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

आपल्याकडे हे जमणार नाही. यूट्यूबवर गाजलेलं बीडचं एखादं पोरगं उद्या आकाशवाणीवर घ्यायचं म्हटलं तर त्याला आधी स्वरचाचणी, मग प्रशिक्षण, मग नैमित्तिक उद्घोषकांच्या यादीत नाव आणि त्यापुढे महिन्यातून मोजक्या पाळ्या. त्या पाळ्यांच्या पैशात त्याचा रिचार्ज निघेल, पेट्रोल निघेलच असं नाही. बरं, 'मला कायम करा' म्हणत तो कोर्टात गेला तर नातवंडं निकाल ऐकतील. तरुण श्रोता टिकत नाही म्हणून रडायचं आणि तरुण बोलणारा कसा टिकेल याचा विचार करायचा नाही, हे धोरण मात्र चांगलं टिकलं आहे.

तुझ्यासाठी काहीच केलं नाही असं नको म्हणूस. 1969 मध्ये दिल्लीत युववाणी सुरू झाली, मग ठिकठिकाणी झाली. वय 15 ते 30. तिची मूळ कल्पना फार नेक होती: तरुणांनी तरुणांसाठी बोलायचं, कविता वाचायच्या, भांडायचं. कितीतरी नट, निवेदक आणि पत्रकार तिथे पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर बसले. पुढे सरकारी सवयीप्रमाणे तरुणांच्या कार्यक्रमात तरुणांना मार्गदर्शन करायला मान्यवर येऊ लागले. तुझा विषय, तुझा वेळ आणि बोलणार पंचावन्न वर्षांचे गृहस्थ. तू व्यसनांपासून दूर राहावंस, मोबाईलचा अतिरेक टाळावास आणि संधीचं सोनं करावंस, असं ते सांगतात. संधी कुठे आहे एवढंच सांगायचं राहतं, कारण वेळ संपलेली असते.

तारखेची एक गंमत सांगतो. विविध भारती 3 ऑक्टोबरची, श्रोत्यांची आवड ऐकून घेणारी. बरोबर 57 वर्षांनी, 2014 च्या 3 ऑक्टोबरलाच, पंतप्रधानांची 'मन की बात' सुरू झाली. एकाच तारखेला रेडिओ ऐकायलाही शिकला आणि सांगायलाही. आपल्या मराठवाड्याला ही दुसरी बाजू नवी नाही. इंग्रज गेले तेव्हा संस्थानांची मिळून पाच रेडिओ केंद्रं होती आणि त्यातलं एक निजामाच्या राज्यात, औरंगाबादला होतं. राजाचा रेडिओ राजाचं सांगायचा. तुझ्या पणजोबांना त्याचा कंटाळा आला असेल तर त्यांच्यावरही 'लक्ष एकाग्र होत नाही' असा ठपका कुणीतरी ठेवलाच असणार.

आता पोस्टकार्डाबद्दल. तू हसशील, पण तुझ्या बापाने आपल्या आवडीच्या गाण्यासाठी रेडिओला पोस्टकार्ड टाकलेलं असू शकतं. एका कार्डावर डझनभर नावं, बारीक अक्षरात, शेवटी 'आणि समस्त मित्रमंडळ'. गाणं लागेपर्यंत तीन-तीन आठवडे जात. गाणं तर सगळ्यांना पाठ असायचं. वाट बघायची ती नावांची. निवेदिकेने गावाचं नाव 'केज' म्हटलं की अख्खी गल्ली गप्प, आणि आडनाव चुकलं तरी चालेल, पण नाव आलं पाहिजे. तू फोटोखाली मित्रांना टॅग करतोस तो हाच धंदा. ज्यांनी हा धंदा तुझ्या बापाच्या वेळेला चालवला, त्यांनाच आता तुझं नाव घ्यायचं सुचत नाही आणि 'या पिढीला काय हवंय कळत नाही' म्हणतात.

पुण्याच्या केंद्राने 1955 मध्ये गीतरामायण सुरू केलं. दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी 56 गाणी. आज आपण ते देवघरात ठेवलं आहे, पण हिशेब करून बघ: ते सुरू झालं तेव्हा गदिमा आणि सुधीर फडके दोघेही पस्तिशीत होते. सरकारी रेडिओने पस्तिशीतल्या दोघांना वर्षभर दर आठवड्याची वेळ देऊन टाकली होती. हल्ली पस्तिशीतला माणूस सरकारी कार्यालयात गेला तर त्याला 'मोठ्या साहेबांना भेटा' म्हणतात.

तुझा पत्ता सापडत नाही असं वर लिहिलं, ते खरं तर खोटं आहे. तू सगळ्यांना दिसतोस. पहाटे क्रीडा संकुलावर पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावतोस, फोन दंडाला पट्ट्याने बांधून. नंतर अभ्यासिकेत असतोस. प्लायवूडच्या आडोशाने पाडलेले खण, प्रत्येक खणात एक ट्यूबलाइट, महाराष्ट्राचा नकाशा, पाण्याची बाटली, आणि दीडपट वेगाने चालू घडामोडी सांगणारा एक सर. त्या सरांच्या बोलण्यातलं निम्मं कुठून येतं माहीत आहे? आकाशवाणीच्या बातम्यांतून आणि चर्चांतून. स्पर्धा परीक्षेची पोरं आकाशवाणी इमानाने ऐकतात, फक्त दुसऱ्याच्या चॅनेलवर, मधे क्लासची जाहिरात घालून. दूध आपल्या घरचं आणि डेअरी शेजाऱ्याची, असा हा प्रकार आहे. यावर कुणाला राग यायला हवा होता. पण वरच्या मंडळींचा अहवाल अजून 'तरुणांना बातम्यांत रस नाही' या ओळीवरच अडकला आहे.

आणि दसरा-दिवाळी झाली की तू दिसतोस कारखान्याच्या रस्त्यावर. जिल्ह्यातून लाखोंनी माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर, पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीत, म्हणजे खोपटात, मुक्काम. तू ट्रॅक्टरवर. मागे उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे सीटच्या मागे दोन पेट्या स्पीकर, त्यात पेन ड्राइव्ह, आणि रात्री दोन वाजता तुझं गाणं तीन गावं ऐकतात. अरे, तू श्रोता नाहीस असं कोण म्हणतो? महाराष्ट्रात तुझ्याइतका मोठ्याने ऐकणारा माणूस नाही.

पण बीडचा एफएम त्या फडापर्यंत पोचत नाही. उपाय आहे: ॲपवर आकाशवाणीच्या 200 च्या वर वाहिन्या ऐकता येतात, रेंज असेल तर. मला प्रश्न रेंजचा पडत नाही. प्रश्न असा की, तू लावलंस तर त्यात तुझं काय आहे? असायला हवं ते असं: यंदा तोडीचा दर किती ठरला, कोणत्या गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं आणि मागे राहिलेली पोरं तिथे जातात का, पोलीस भरतीची मैदानी चाचणी कधी, मागच्या परीक्षेचा निकाल कुठे अडकला. आणि रात्री एक तास फडातून घरी आणि घरून फडात निरोप. वडवणीच्या आजीला कोल्हापूरकडच्या कोपीतून नात काय म्हणते ते. 'आज्जे, औषध घ्यायलीस ना?' एवढंच. याला ना नटी लागते ना सल्लागार. इंटरनेटवरचा कुठलाही गब्बर माणूस हे करणार नाही, कारण यात त्याला पैसे नाहीत. लोकांच्या पैशावर रेडिओ चालवायचा तो नेमका याचसाठी, असं माझ्या अडाणी बुद्धीला वाटतं.

दुसऱ्या रेडिओवाल्यांना तुझी बातमी द्यायची मुभाही नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निकाल दिला. मालक तू ठरलास. त्यानंतर खासगी एफएम आलं, सामुदायिक रेडिओ आला. साताऱ्याकडे म्हसवडला 2008 पासून 'माणदेशी तरंग' माणच्या बायाबापड्यांना त्यांच्याच बोलीत बोलू देतं आणि दुष्काळी मुलखात ते चालतं. पण स्वतःच्या बातम्या दोघांनाही देता येत नाहीत. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच. म्हणजे बीडची बातमी रेडिओवर सांगण्याचा मक्ता एकट्या आकाशवाणीकडे. आणि मक्तेदाराची तऱ्हा बघ: 2023 च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभागच बंद करण्याचा आदेश निघाला होता. पुण्याच्या लोकांनी बोंब मारली, स्थगिती मिळाली. पुण्याची बोंब दिल्लीला ऐकू जाते. आपल्याकडे असं काही झालं तर आधी मांजरसुंब्याचा घाट चढावा लागेल.

तोवर तुझी बातमी तूच करतोस. हातात पिस्तूल घेऊन रील टाकलीस की राज्यभर बीडचं नाव होतं, पोलीस येतात, वाहिन्या येतात. त्याच फोनवर तू अंबाजोगाईच्या मुकुंदराजांच्या समाधीचा किंवा खजाना बावडीचा व्हिडिओ टाकलास तर तुझा मामासुद्धा बघत नाही. कोणता आवाज मोठा करायचा हे कुणीतरी ठरवत असतं. ते ठरवणाऱ्यांत निदान एक तरी असा असावा ज्याला त्यातून जाहिरात मिळत नाही.

असो. यंदा टोळी निघायच्या आधी केंद्रावर एक चक्कर मार. काय काम आहे विचारलं तर 'बोलायचंय' म्हण. अर्ज लागला तर लिहून ने, 'सदर' आणि 'उपरोक्त' दोनदा तरी येऊ दे, म्हणजे माणूस जबाबदार वाटतो. ऐकणाऱ्याच्या शोधात सगळे आहेत, त्यामुळे बोलायला आलेला बघून थोडे गडबडतील. तू खुर्ची सोडू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक जुना श्रोता, बीड

ता. क. : रात्री ऊस घेऊन जाताना गाव लागलं की स्पीकर जरा बारीक कर. तरुण श्रोता कसा मिळवावा याचा विचार करून थकलेली माणसं तेव्हा झोपलेली असतात.