जुडी वीसला?

मराठी मध्यमवर्गाचा बाणेदारपणा पाहायचा असेल तर सकाळी भाजीवाल्या मावशींसमोर उभं राहावं. ‘कोथिंबीर वीसला? काल तर पंधराला होती!’ जुडी उलटीपालटी करून, देठ पिवळे असल्याचा शोध लावून, वर कढीपत्त्याच्या दोन काड्या फुकट पदरात पाडून घेतल्याशिवाय साहेब हलत नाहीत.

हेच साहेब संध्याकाळी मॉलमध्ये ट्रेकिंगचे बूट घेतात. साडेसहा हजार. ‘वॉटरप्रूफ आहेत ना?’ एवढंच विचारतात, तेही हळू आवाजात. सोबत कार्बन फायबरची काठी, नळीवाली पाण्याची पिशवी, कपाळावर बांधायचा दिवा. मोहीम कुठली? रविवारी सिंहगड! तिथे साध्या चपला घालून, डोक्यावर पाटी घेऊन गड चढलेल्या बाईशी मडक्यातल्या दह्याच्या दरावरून पुन्हा हुज्जत.

छापील किंमत दिसली की आमचा कणा आपोआप वाकतो. एमआरपी ही कमाल किंमत. तिच्याहून कमी घ्यायला दुकानदाराला कायद्याची आडकाठी नाही. पण तिथे घासाघीस करायची म्हणजे कमीपणा! त्यामुळे बिस्किटाचा पुडा दहा रुपयांतच राहून आतून खुशाल रोडावतो आणि आम्ही ‘भाव वाढला नाही हं’ म्हणून समाधानाने चहात बुडवतो. यात चोरी म्हणावी तर तीही नाही. पुड्यावर निव्वळ वजन छापणं बंधनकारक आहे आणि ते छापलेलं असतं. चष्मा लावून एकदा वाचा.