न वाजवण्याची कला

‘ॲसिटेट’ म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचे रोगण चढवून थेट कोरलेली, नावापुरतीच ॲसिटेट असलेली तबकडी होय. 1970च्या दशकात जमैकातील किंग्स्टनचा ध्वनितंत्रज्ञ किंग टबी रेगे संगीताच्या अशा सुट्या प्रती कापत असे. सुईच्या प्रत्येक फेरीला तबकडीचा आवाज झिजतो, वयोमानाने रोगणातील एरंडेल पांढरी साय होऊन वर येते, आणि म्हणून जाणकार संग्राहक ती विकत घेतो पण वाजवत नाही, ही संगीतसेवेची परमावधीच म्हटली पाहिजे (ऐकणे हा फुकट्यांचा छंद). या न्यायाने यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा येथे ज्या घरी अशी एकही तबकडी नसेल, तेथील संग्रहच सर्वांत निर्दोष ठरतो, कारण त्यावर ओरखडा नाही की साय नाही. शिवाय वाण्याकडून एरंडेलाची बाटली आणली की निम्मी तबकडी हाती आलीच, आणि तीही घरात कोणी आपणहून उघडत नाही.