थांब्यांसह सरासरी

शिष्यवृत्तीच्या पुस्तकातली बस ही माझ्या मते मराठी वाङ्मयातली सर्वांत सुखी व्यक्तिरेखा. तिला डिझेल लागत नाही, उलट दिशेने तिच्या अंगावर दुचाकी येत नाही आणि ती थांबते तीसुद्धा स्वतःच्या मर्जीने. ‘एक बस न थांबता ताशी 54 किमी वेगाने जाते. थांबे धरून तिचा सरासरी वेग ताशी 45 किमी पडतो, तर ती तासाला किती मिनिटे थांबते?’ आठवीतला भाचा हे उदाहरण घेऊन आला. मी रुबाबात सांगितलं, ‘‘तासामागे 9 किमी कमी पडले. ते कापायला 54 च्या वेगाने 10 मिनिटं लागली असती. तेवढाच वेळ ती उभी होती.’’

भाचा कोथरूडचा, त्यामुळे उत्तर पटलं तरी शंका शिल्लक राहतेच. ‘‘मामा, आता तुझ्या हिंजवडीच्या बसचं कर.’’

केलं. रस्ता मोकळा असता तर आमची कंपनीची बस ताशी 40 ने गेली असती. पावसाळ्यातल्या सोमवारी ती सरासरी 8 ने जाते असं धरा. 32 भागिले 40, गुणिले 60. उत्तर 48 मिनिटे.

‘‘म्हणजे तासातली 48 मिनिटं तू नुसता बसून असतोस?’’

‘‘हो.’’

‘‘आणि ऑफिसात गेल्यावर?’’

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

खरी अडचण वेगळीच आहे. पुस्तकातली गाडी एक तर धावते, नाही तर उभी असते. भूमकर चौकापासून शिवाजी चौकापर्यंत मात्र गाडीला तिसरी अवस्था असते : सरकणे. हाफ क्लचवर वीतभर पुढे, मग ब्रेक. हा थांबा धरायचा की प्रवास? बसचे ड्रायव्हरकाका म्हणतात प्रवास, कारण क्लचवरचा पाय दुखतो. मी म्हणतो थांबा, कारण खिडकीतून दिसणारी वडापावची गाडी तीच असते. सूत्राला दोघांचंही ऐकू येत नाही.

आपल्याकडे पूर्वी अशी उदाहरणं फार सुटसुटीत असत. चाळीसगावजवळच्या पाटणदेवीच्या परिसराशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक मोर 9 हात उंच खांबावर बसवला आहे. खांबाच्या बुडाशी बीळ, बिळापासून 27 हातांवर साप. साप बिळाकडे निघतो, मोर त्याच वेगाने तिरका झेपावतो. गाठ पडते ती बिळापासून 12 हातांवर. दोघेही बरोबर 15 हात गेलेले. वाटेत सिग्नल नाही, डायव्हर्जन नाही. मोराला वाकडच्या पुलाखालून जायचं असतं तर साप आरामात बिळात पोचून सुटला असता.

आता सगळी भिस्त मेट्रोवर. माण ते शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन 2018 च्या डिसेंबरात झालं. लांबी सुमारे 23 किमी, स्थानकं 23. थांब्यामागे अर्धं मिनिट धरून भाच्याने लगेच 23 ला अर्ध्याने गुणलं. मी त्याला अडवलं. पहिल्या स्थानकावर गाडी थांबत नाही, निघते. शेवटच्यावर आपणच उतरतो. मधले थांबे 21, म्हणून साडेदहा मिनिटं. पण इथेही पुस्तक एक गोष्ट दडवतं : त्यातली गाडी खटकन थांबते आणि खटकन पूर्ण वेगाने सुटते. ताशी 72 किमी म्हणजे सेकंदाला 20 मीटर. दर सेकंदाला 1 मीटरने हा वेग उतरवला आणि तसाच चढवला, तर उभं राहण्याखेरीज प्रत्येक थांब्यामागे आणखी 20 सेकंद जातात. 21 थांब्यांची झाली 7 मिनिटं. ‘‘परीक्षेत हे लिहू?’’ भाच्याने विचारलं. मी घाईघाईने नाही म्हटलं. ताईला कळलं असतं तर पुढच्या उदाहरणांसाठी दुसरा मामा शोधला असता.

सगळ्यांत क्रूर गणित मात्र ड्रायव्हरकाकांच्या दिलाशात असतं. ‘‘साहेब, आता अडकलो, पण पुढे दाबतो.’’ आमचं अंतर 18 किमी, मीटिंग साडेनऊची, म्हणून ताशी 20 च्या हिशेबाने 54 मिनिटं आधी निघालेलो. पहिले 9 किमी ताशी 10 ने झाले. म्हणजे तिथेच 54 मिनिटं संपली. उरलेल्या 9 किलोमीटरसाठी शिल्लक वेळ शून्य! काकांनी गाडी दाबली काय किंवा उडवली काय, ताशी 20 ची सरासरी आता प्रकाशालाही जमणार नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘मग एसी वाढवू का?’’

बालेवाडीच्या अलीकडे, महामार्गावर, साडेनऊला फोन लावून मी मीटिंगला हजर झालो. कोथरूडचे सहकारीही पाठोपाठ फोनवर आलेच. मॅनेजरसाहेबांनी वक्तशीरपणावर बोलायला सुरुवात केली, तोच त्यांच्या फोनमधून रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचं गाणं ऐकू आलं. तेच आमच्या खिडकीबाहेरूनही येत होतं. मी पडदा बाजूला केला. साहेब शेजारच्या लेनमध्ये, आमच्यापेक्षा दोन गाड्या मागे होते.