नावाडी आबा

कोल्हापुरात पेठ कुठलीही असो, तिथं एक नावाडी आबा असतातच. होडीशी संबंध नाही; रंकाळ्यात पायसुद्धा बुडवलेला नसतो. गल्लीत मुलगी झाली की पेढ्यांच्या आधी आबा हजर. मुलगा झाला तर फिरकत नाहीत. "पोराचं काय, शिवाजी, संभाजी, शाहू. तिघांत भागतंय." मुलींसाठी मात्र काखेत दोनशेपानी वही, आणि वहीत आख्खं जग.

अशा माणसाचं स्वतःचं नाव हमखास दगडू नाहीतर धोंडिराम. आधीची भावंडं दगावलेली, म्हणून यमाची नजर पडू नये असं नाव ठेवलेलं. अर्थाचा नाद बहुधा तिथूनच लागत असावा. साताऱ्यात 2011 साली 'नकुसा' म्हणून वाढलेल्या 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. ते कात्रण वहीच्या पहिल्या पानावर डकवलेलं असतं. त्यावर आबा थट्टा करत नाहीत.

बाकी सगळ्यावर करतात. "सारा म्हंजे राजकन्या, हिब्रू. लैला, रात्र, अरबी. सोफिया, शहाणपण, ग्रीक," बशीतल्या चहावर फुंकर मारत आबा सांगतात. "ॲना बी चांगलं हाय, पर पोरीला अण्णा म्हणून हाक मारायची व्हय?" आर्द्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या एकीला पत्रिकेनं 'ङ' अक्षर दिलं. "ज्यानं हे ठरवलं, त्याच्या घरात पाळणाच हलला नसंल," आबांनी निकाल दिला.

परवा एका जोडप्यानं मोबाइलवर शोधून 'नायरा' काढलं. आबांनी वही उघडली. "आयमारा भाषा. अँडीजच्या डोंगरात बोलत्यात. नायरा म्हंजे डोळा." घर खूश. पण आबांची खरी परीक्षा गॅलरीत असते: हाक मारून बघायची. कठडा धरून त्यांनी आरोळी ठोकली, "नायराऽऽ!"

बाळाला डोस द्यायला न्यायचं म्हणून खाली रिक्षा थांबवलेली. रिक्षावाला उसळला, "न्हाय रं? मग अर्धा तास हुबा कशाला केलासा?"

"तारा ठेवा," आबा म्हणाले. "तिबेटात पूजा हुतीया तिची. आणि 1710 ला हितं गादी मांडली ती ताराराणीनं. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलीया, जाऊन इचारा." बापाला ते जुनाट वाटलं.

बारशाला आत्या आली पुण्याहून, नाव ठरवूनच. पाळण्यात वाकून 'कुर्र' केलं, पाठीत बायकांचे धपाटे खाल्ले आणि जाहीर केलं, "मायरा!"

"अर्थ काय ओ?" आजीनं आबांना विचारलं.

तोंडात घुगऱ्या. आबांनी दोन पानं उलटली. "इंग्लंडातल्या एका कवीनं मनानंच रचलंय. चारशे वर्सं झाली."

"म्हंजे अर्थच न्हाई?"

आबांनी वही मिटली आणि गॅलरीकडं निघाले. खाली रिक्षावाल्यानं घाईघाईनं रिक्षा चालू केली.